भिंगरीची पुटपुट

भिंगरीला पाणी आणायला पाठवलं, की पाणी सोडून सगळं यायचं. कधी अर्धी भरलेली बादली विहिरीच्या काठावर राहायची आणि ही कुत्र्याचं पिल्लू पोटाशी धरून घरी. कधी बादली यायची, पण रिकामी. एकदा तर शेजाऱ्यांचीच बादली आली. "आपली कुठंय?" असं आईने विचारलं तेव्हा भिंगरी एकदा बादलीकडे आणि एकदा आईकडे बघत राहिली. तिलाही नवलच वाटलं असावं.

शाळेत तिचं नाव वेगळं होतं, पण घरात आणि रस्त्यावर ती भिंगरीच. दहा वर्षांची होत आली होती. अंगाने काटकुळी, गुडघे कायम सोललेले. गप्पा मारायला बसली तर मोठ्यांना गुंडाळून ठेवील, आणि तरी आपली चप्पल आपण कुठे काढली हे तिला सांगता येत नसे. आईने तिच्यापुढे हात टेकले होते. मारून झालं, समजावून झालं, अबोला धरून झाला. भिंगरी मार खाताना मनापासून रडायची, मनापासून चूक कबूल करायची, आणि आईचा हात खाली यायच्या आत तिचं लक्ष भिंतीवरच्या पालीकडे गेलेलं असायचं.

घर चालत होतं रेशमाच्या किड्यांवर. घराच्या मागे लांबट शेड, शेडमध्ये दोन्ही बाजूंनी मांडण्या, मांडण्यांवर अळ्या, आणि शेडच्या मागे तुतीचं रान. अळ्यांना तुतीच्या पाल्याशिवाय दुसरं काही चालत नाही. त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि असा आला, की तोडलेला पाला शेडपर्यंत पोचायच्या आत मान टाकायचा. म्हणून आई आणि बाबा उजाडायला रानात शिरायचे. विळ्याने फांद्या कापायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, डोक्यावरून शेडमध्ये आणायच्या. तुतीचा चीक आणि धूळ मिळून आईच्या बोटांना काळे चर पडले होते, ते साबणाने जात नव्हते. आजी, म्हणजे बाबांची आई, उंबऱ्याशी बसून कोवळी पानं वेगळी काढायची. तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

शेडचे नियम कडक. आत जायचं तर दारातल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात धुवायचे, आत शिरलं की जाळीचं दार लगेच ओढून घ्यायचं. माशी शिरली की अळी गेली. तंबाखूचा हात नको, अत्तर नको. घरातली माणसं हे सगळं झोपेतही करतील. भिंगरीला मात्र तिन्ही गोष्टी एका वेळी कधी साधल्या नाहीत. हात धुतले तर पाय राहिले, पाय बुडवले तर दार उघडं.

अशा ऐन धावपळीत शाळेतून बोलावणं आलं. बाबा विळा टाकून गेले. परत आले ते भिंगरीला दंडाला धरून. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"काय झालं?" आईने फांद्यांचा भारा खाली टाकत विचारलं.

"काय व्हायचंय? हेडमास्तरांनी तिचं दप्तर टेबलावर ओतलं. चार लोकांच्या देखत." बाबांनी रांजणातलं पाणी तोंडावर मारलं. "दुसऱ्या पोरीची पाटी निघाली. कुणाचं तरी कंपासचं झाकण निघालं. अर्धवट सोडवलेली गणितं, अर्धवट रंगवलेली चित्रं. एक चप्पल निघाली. एक! मला विचारतात, दुसरी कुठंय? आता मी काय सांगू दुसरी कुठंय?"

"दुसरी पायात होती," भिंगरी म्हणाली.

आजीला हसू आलं, तिने ते पदरात लपवलं. बाबांना हसू आलं नाही. एरवी त्यांना कुणी टेबलापुढे उभं केलेलं नव्हतं. त्यांच्या शेडचे कोष बघायला लांबून माणसं यायची, आणि आज ते पोरीच्या एका चपलेचा जाब देत उभे होते. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"ही कोषांची बॅच उतरेपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाही सुधारली तर नाव काढून टाकू. शेडमध्ये राहील, हाताखाली काहीतरी शिकेल. तिथे बसून तरी काय करतेय?"

"शेडमध्ये काय करणार आहे?" आई म्हणाली. "इथेही हीच असेल की."

"इथे निदान चार लोक बघायला नसतील."

आईने फांद्या सोडायला घेतल्या. पण ते वाक्य तिच्या छातीत बसलं. ती स्वतः शाळेत फारशी गेली नव्हती आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. भिंगरीचं मात्र वाटलं. शेडमध्ये दिवसभर आपल्याच शिव्या खात वाढलेली भिंगरी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि नको असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीच्या वर्गाच्या बाई आल्या. तरुण होत्या, सायकलवरून आल्या होत्या, तोंड उन्हाने लाल झालं होतं. सरळ शेडच्या दाराशी आल्या आणि आईने हात आडवा केला.

"आत नको, बाई. पावडर लावलीय तुम्ही."

बाई ओशाळल्या. "थोडीशीच."

"थोडीशीही चालत नाही त्यांना."

मग दोघी बाहेर सावलीत बसल्या. आईचे हात पाला चिरत राहिले. बाई काहीतरी पाठ करून आल्यासारख्या घाईने बोलू लागल्या.

"काल माझ्या मागे झालं ते, मी वर्गात होते. तुमची मुलगी हुशार आहे, हे आधी सांगते. गोष्ट ऐकली की सगळी सांगते. अडतं ते कामाच्या वेळी. चार गोष्टी सांगितल्या, की पहिली करता करता बाकीच्या तीन गळून जातात. मध्ये काही दिसलं, की पहिलीही जाते. मुद्दाम करत नाही ती."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "मुद्दाम करत असती तर मारून सुधारली असती."

"मारू नका," बाई म्हणाल्या. "एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की तिने येऊन सांगायचं, मग दुसरं. आणि करताना तिला स्वतःशी बोलू द्या. आधी हे, मग ते, असं मोठ्याने. आपण मनात म्हणतो ना, तिला अजून तोंडाने म्हणावं लागतं. हळूहळू आत जाईल ते."

"आमच्याकडे एका वेळी एकच काम नसतं, बाई."

"माझ्याकडेही नसतं," बाई म्हणाल्या. "वर्गात पोरं कोंबलीत. मलाही रोज जमत नाही. परवा मीच तिच्यावर ओरडले."

हे ऐकून आईला बाई जरा बऱ्या वाटल्या. तिने चिरलेला पाला टोपलीत भरला आणि बाईंना पाणी दिलं. बाई गेल्यावर आजी म्हणाली, "नवीन आहे. थोड्या दिवसांनी तीही दप्तरं ओतायला लागेल."

आईने करून बघितलं, पण ते वाटलं होतं त्याहून जड होतं. तिच्या तोंडातून कामं घोसाने बाहेर पडायची. "भिंगरे, टोपली आण आणि येताना केरसुणी घे, आणि आजीला विचार गोणपाट भिजवले का—" एवढं झालं की ती स्वतःच थांबायची, दात आवळायची, आणि पुन्हा म्हणायची, "टोपली आण." भिंगरी टोपली आणायची. "आणली." "आता केरसुणी." मध्ये जो वेळ जायचा त्यात आईने स्वतः तिन्ही कामं केली असती. अळ्या तिकडे भुकेल्या, आणि ही इथे एकेक वस्तू मागत उभी. आईचा जीव वरखाली व्हायचा.

पण टोपली यायला लागली. रिकामी यायची तिथे भरून यायला लागली. भिंगरी दारात उभी राहून पुटपुटायची, "आधी पाय. मग हात. मग दार." पाय बुडवायची आणि म्हणायची, "पाय झाले. आता हात." जाळीचं दार ओढताना "दार, दार, दार" असं तिचं कुठे तालात, कुठे बेतालात चालायचं. अळ्यांना पाला घालताना तर ती एकेका मांडणीशी बोलायची. "तुला झालं. तुला झालं. तू थांब."

"माझं डोकं उठलं," आजी म्हणाली. "पूर्वी कामं करत नव्हती, पण गप्प तरी असायची."

"सहन करा," आई म्हणाली. "मीही करतेय."

एका सकाळी भिंगरीने एकटीने, कुणी न सांगता, खिडक्यांची फडकी ओली करून टांगली. आईने ती बघितली आणि काही बोलली नाही. बोललं तर दृष्ट लागेल असं तिला वाटलं. पण दुपारभर तिचा हात हलका चालला.

मग कोष घेणारा आला. बॅच कशी आहे ते आधीच बघून ठेवायचं, ही त्याची रीत. गोरागोमटा, पोट सुटलेला माणूस. बाबा त्याच्यामागे अदबीने चालत होते, मागच्या मांडण्या दाखवत होते. त्या अळ्या शेवटची कात टाकून उठल्या होत्या आणि पाला खात होत्या. खाण्याचा बारीक कुरकुर आवाज शेडभर भरला होता. पुढच्या मांडण्यांवरच्या अळ्या उशिराच्या, त्या दोन दिवसांत कात टाकायला झोपणार होत्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आधी पाय. पाय झाले. आता हात. हात, हात, हात."

कोष घेणारा वळला. "पोपट पाळलाय का हो?"

बाबा हसले, पण ते हसू नव्हतं. "आमची मुलगी."

"असं का?" तो माणूस म्हणाला. त्याने भिंगरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "लहानपणापासून असंच आहे का?"

भिंगरी दार ओढायचं विसरून तिथेच उभी राहिली. आईने पुढे होऊन दार लावलं. बाबांच्या मानेवरची शीर वर आली होती. तो माणूस गेला, आणि बाबा भिंगरीसमोर उकिडवे बसले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे बघ," ते म्हणाले. "यापुढे हे पुटपुटणं बंद. काय करायचंय ते तोंड मिटून करायचं. लोक वेडी समजतात तुला. कळलं?"

"बाई म्हणाल्या—"

"बाई इथे राहत नाहीत. कळलं का?"

भिंगरीने मान हलवली. तिने खालचा ओठ दातांखाली धरला आणि तो दिवसभर तसाच धरून ठेवला.

आईने त्या संध्याकाळी विषय काढला. "अहो, बोलू द्या तिला. त्यानेच होतंय."

"माणसं हसतात, ते दिसत नाही तुला?"

"हसू देत. टोपल्या भरून येतात ना?"

"उद्या ती रस्त्याने बोलत जाईल. मग?" बाबांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "तू तिला लाडावू नकोस."

आई गप्प बसली. नंतर तिला याचीच चीड आली, की तेव्हा आपण का गप्प बसलो. पण दिवसभराच्या पाल्याने खांदे उतरले होते आणि भांडायलाही अंगात जोर लागतो.

पुढच्या अळ्या झोपल्या. अळी कात टाकायला झोपली की डोकं वर करून निश्चल बसते, खात नाही, हलत नाही. तेव्हा तिच्यावर बारीक चुना मारायचा, जागा कोरडी ठेवायची, आणि काही झालं तरी पाला घालायचा नाही. सगळ्या उठेपर्यंत थांबायचं. आधी उठलेल्यांना घाईने पाला घातला तर त्या खाऊन पुढे निघून जातात, उशिरा उठणाऱ्या पाल्याखाली दबतात, ओलीने आजारी पडतात. मग एकाच मांडणीवर कुणी लहान, कुणी मोठी, आणि कोषांचा काही मेळ राहत नाही.

हे भिंगरीला माहीत होतं. विचारलं असतं तर तिने घडाघडा सांगितलं असतं.

त्या दुपारी वारा सुटला. तुतीच्या रानातल्या विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणून बाबा तिकडे गेले होते. आजी पडून होती. आईने रानात ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या फांद्यांवरची गोणपाटं उडायला लागली होती, ती धरायला आई धावत सुटली. धावता धावता मागे वळून ओरडली, "भिंगरे! पुढच्यांवर चुना मार, मागच्यांना पाला घाल, खिडक्यांची फडकी भिजव आणि दार लावून घे!"

ओरडली, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

परत आली तेव्हा दार लावलेलं होतं. फडकी भिजलेली होती, इतकी की पाणी ठिबकत होतं. आईला बरं वाटलं. तिने पाय बुडवले, हात धुतले आणि आत शिरली. आत भिंगरी तोंड घट्ट मिटून, हातात रिकामी टोपली घेऊन, दोन्ही मांडण्यांच्या मध्ये उभी होती.

पुढच्या मांडण्यांवर, झोपलेल्या अळ्यांवर, हिरवागार पाला होता. एकसारखा पसरलेला, कडेपर्यंत, मोठ्या काळजीने. आणि मागच्या मांडण्या पांढऱ्याफटक. पाल्यावर चुना, अळ्यांवर चुना, आणि खाण्याचा आवाज बंद.

आई पुढे झाली. तिने हात घातला आणि पाला उचलायला सुरुवात केली. पण जाग्या झालेल्या थोड्या अळ्या पानांना चिकटून वर येत होत्या, झोपलेल्या खाली राहत होत्या, काहींची अर्धी कात अंगावर लोंबत होती आणि बोट लागताच फाटत होती. झोपलेल्या अळीला हात लावू नये, आणि पाला काढायचा तर हात लावल्याशिवाय इलाज नव्हता. घाम तिच्या हनुवटीवरून मांडणीवर पडायला लागला, तेव्हा तिने डोक्याला फडकं बांधलं. भिंगरी समोरून पानं उचलत होती. तिचे हात अळीला धक्का लागू देत नव्हते.

बाबा आले ते या वेळेला. त्यांनी दारातूनच बघितलं.

"कुणी केलं?"

"मी तिला चार कामं एका दमात सांगितली," आई म्हणाली.

"चार सांगितली तर काय झालं? मला तू रोज दहा सांगतेस!"

"तुम्ही मोठे आहात."

"मी तिच्याएवढा असताना—" ते म्हणाले आणि अर्ध्यावर थांबले. भिंगरीकडे वळले. "तुला माहीत नव्हतं? झोपलेल्यांना पाला घालायचा नाही, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"मी बोलले नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, तक्रारीचा नव्हता. "तोंड मिटून केलं. तोंड मिटलं की कुणाला काय घालायचं ते उलटसुलट होतं."

बाबांचा चेहरा आधी उतरला आणि मग दगडासारखा झाला. त्यांना ते समजलं होतं, हे आईने बघितलं. समजलं होतं म्हणूनच त्यांना राग आवरेना.

"पुरे झालं," ते म्हणाले. "बॅच उतरली की शाळेत जाऊन नाव काढून ये. तूच जा. मी पुन्हा त्या टेबलापुढे उभा राहणार नाही."

त्यानंतरचे दिवस सगळ्यांनाच पुरून उरले. नेहमी एका मांडणीवरच्या अळ्या एकदम पिकतात, अंग पिवळसर होऊन आरपार दिसायला लागतं, आणि मग त्यांना कोष विणायला चंद्रिकांवर, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या गोल चटयांवर, सोडायचं. या वेळी काही पिकत होत्या, काही अजून खात होत्या, काही नुसत्याच पडून होत्या आणि मरत होत्या. पिकलेली एकेक हाताने वेचायची. वाकून वेचायची, उचलून ठेवायची, पुन्हा वाकायचं. आईची कंबर धरली. बाबांचे डोळे बारीक बघून बघून लाल झाले. मेलेल्या अळ्यांचा वास दाराबाहेर येऊ लागला, म्हणून त्या खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा लागला. आजीसुद्धा पाटावर बसून सरकत सरकत खालची मांडणी वेचत होती, आणि या वेळी तिची जीभ गप्प होती.

भिंगरी शाळेतून आली की वेचायला बसायची. पहिल्या दिवशी तोंड मिटून बसली. बराच वेळ कुठली घ्यायची तेच तिला ठरेना. आरपार दिसणारी सोडून शेजारची उचलायची. आईने मान वर न करता म्हटलं, "बोल."

भिंगरीने बाबांकडे बघितलं.

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"ही पिवळी," भिंगरी हळूच म्हणाली. "ही नाही. ही नाही. ही पिवळी." तिचा हात चालू लागला. बाबा पलीकडच्या मांडणीवर वेचत होते. त्यांनी थांबवलं नाही, पण शाळेबद्दलचा शब्द मागेही घेतला नाही. आईने वाट बघितली. त्यांनी तो घेतलाच नाही.

बॅच उतरली. कोष घेणाऱ्याने ढिगात हात घालून तोंड वाकडं केलं आणि पातळ, डागाळलेले बाजूला काढले. बाबांनी ते मुकाट्याने बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईला म्हणाले, "आज जाऊन ये."

आई गेली. धुतलेलं लुगडं नेसली, बोटांचे काळे चर घासून बघितले, ते तसेच राहिले. शाळा म्हणजे एका ओळीत खोल्या आणि पुढे ओटा. हेडमास्तर कुठेतरी बाहेर गेले होते, शिपाई म्हणाला, "बसा इथे, येतील." आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली. शेजारची खिडकी भिंगरीच्या वर्गाची होती. त्या खिडकीतून बघावं असं तिच्या मनात नव्हतं. पण रिकामं बसायची सवय नव्हती, म्हणून बघितलं.

वर्गात नुसता गोंधळ होता. पोरं जमिनीवर बसून पिशव्यांमध्ये बिया लावत होती. एका कोपऱ्यात दोघांनी पाण्याचा डबा सांडला होता, आणि बाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर खेकसत होत्या. फळ्यावर बाईंनी चित्रं काढली होती: पिशवी, माती, बी, पुन्हा माती, पाणी. भिंगरी खिडकीजवळच, पाठमोरी. तिच्या वेण्यांमध्ये माती होती. पिशवीत माती भरत ती एकसारखी पुटपुटत होती आणि शेजारच्या पोरीला त्याचं काही वाटत नव्हतं. ती सवयीने जरा लांब सरकून बसली होती, एवढंच.

तेवढ्यात दारात एक पोर येऊन ओरडलं, "अरे, मागच्या खोलीत मांजरीने पिल्लं दिलीत! डोळे मिटलेली! चला!"

अर्धा वर्ग उठला. ओट्यावर बसलेल्या आईचीसुद्धा मान त्या बाजूला वळली. भिंगरी तर कधीच उठली होती, हातात बी तसंच धरून दारापर्यंत पोचलीही होती. आईने मनात म्हटलं, झालं.

दारात भिंगरी थांबली.

पोरं तिला ढकलून बाहेर जात होती. ती चौकटीला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, आईला इथूनही दिसले. तिने मुठीतलं बी बघितलं. एकदा मागच्या खोलीकडे बघितलं, आणि तिच्या सगळ्या अंगाला तिकडे जायचं होतं. एक पाय तर गेलाच होता. मग तिने तो पाय उचलून आत घेतला. अगदी हाताने उचलावा तसा. परत येऊन बसली.

"बी टाकलं," ती म्हणाली. "आता माती. माती झाली. आता पाणी." तिने पाणी घातलं, जरा जास्तच घातलं. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, पडत नाही ना बघितलं. मग जी उठली ती वाऱ्यासारखी गेली.

बाईंनी हे बघितलं नव्हतं. त्या अजून त्या दोघांना फरशी पुसायला लावत होत्या. कुणीच बघितलं नव्हतं. आईचे डोळे भरले आणि तिला स्वतःचाच राग आला; एका पिशवीत पाणी घातलं, त्यात रडण्यासारखं काय आहे? पण तिने पदराने डोळे पुसले, आणि आजूबाजूला कुणी नाही हे बघून आणखी एकदा पुसले. लेक दहा वर्षांची झाली, आणि एखाद्या गोष्टीपासून स्वतः होऊन मागे फिरताना तिने तिला आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

हेडमास्तर आले. किल्ल्या वाजवत दार उघडलं. "कोण? काय काम होतं?"

आई उभी राहिली. तिने पदर नीट केला.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज आले होते."

"सहज?" हेडमास्तर म्हणाले.

"हो," आई म्हणाली आणि ओटा उतरली.

घरी पोचली तेव्हा बाबा चंद्रिका धुवून उन्हात उभ्या करत होते. आजी उंबऱ्यात बसली होती. आईने चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्या बाजूने चंद्रिकेला हात लावला. दोघांनी मिळून ती उचलली आणि भिंतीला टेकवली.

"काढलं का नाव?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"का? हेडमास्तर भेटले नाहीत?"

"भेटले."

"मग?"

"विसरले," आई म्हणाली.

बाबांनी हातातला ब्रश खाली ठेवला. या बाईला कुठल्या मांडणीला कधी पाला घातला ते सांगता येत होतं, कुठली अळी कुणाच्या हातून मेली ते सांगता येत होतं, लग्नाच्या दिवशी कोण काय बोललं ते सांगता येत होतं, आणि ते ती वेळोवेळी सांगतही होती.

"तू विसरलीस?"

"हो."

"एवढ्या लांब चालत गेलीस, आणि ज्या कामाला गेलीस तेच विसरलीस?"

"हो," आई म्हणाली. तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "काढा आता माझं नाव."

उंबऱ्यातून आजीचा खोकल्यासारखा आवाज आला. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं. मग त्यांनी ब्रश उचलला, पुढची चंद्रिका ओढली आणि ब्रश आईच्या हातात दिला.

"ही धुवून झाली की सांग," ते म्हणाले. "मग दुसरी घेऊ."